विहिरीपर्यंतची पट्टी

माणिकप्पा माझ्याकडे आले की मी आधी चहा सांगतो आणि मग खुर्ची पुढे करतो. चहा ते घेतात. खुर्चीला नुसता हात लावतात, बोलता बोलता खिडकीपाशी जातात, आभाळ बघतात, परत येतात, माझ्या टेबलावरचा कागद उचलून उलटा करून ठेवतात. पाच मिनिटांत माझ्याच प्रयोगशाळेत मला परक्यासारखं वाटायला लागतं. 'अप्पा, बसा की जरा,' असं म्हटलं तर 'हाव हाव, बसतो' असं उभ्यानेच सांगतात. वय अठ्ठावन्न. एवढ्या वयाचा माणूस शिरूर अनंतपाळहून विष्णुपुरीच्या आमच्या कॉलेजपर्यंत मोटारसायकलवर येतो आणि येऊन टेकतही नाही. कंबर त्यांची दुखते, राग मला येतो.

लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी की, आज कितीतरी गावांतले लोक त्यांच्याबद्दल जे बोलतात ते माझ्याने ऐकवत नाही. 'अप्पा सरकला,' म्हणतात. ज्यांनी कधी हातात पकड धरली नाही तेही म्हणतात.

अप्पा लायसनवाले वायरमन. शाळांवर वीजरोधक बसवणं हे त्यांचं खास काम. छपरावर उभी सळई, तिच्यापासून भिंतीवरून खाली उतरणारी पट्टी, आणि ती पट्टी जमिनीत जाऊन जिथे मिळते ती अर्थिंग. लोक वरच्या सळईकडे मान वर करून बघतात. खरं काम खाली मातीत असतं. वरून आलेली वीज जमिनीत पटकन मुरली तर माणसं वाचतात, नाहीतर ती पायथ्याशीच पसरते. आमच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी दुपार कलली की आभाळ भरून येतं आणि दर वर्षी विजेने कुणाचा तरी बैल जातो, कुणाचं तरी माणूस जातं. त्यामुळे या कामात हयगय केली की ती कुणाच्या तरी घरात जाऊन पोचते.

जमीनही आमची अवघड. वर दोन हात काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेली, खाली कोरडा ठक्क मुरूम, त्याखाली दगड. ओल मिळायची मारामार. बाकीचे वायरमन खड्ड्यात मीठ-कोळसा टाकतात आणि तपासणीच्या दिवशी सकाळी चार घागरी पाणी ओततात, म्हणजे साहेबांना आकडा चांगला दिसतो. अप्पांना या लबाडीची भयंकर चीड. त्यांनी स्वतःची पद्धत काढली. गावात बारमाही ओल कुठे असते? विहिरीत. मग पट्टी शाळेपासून थेट विहिरीपर्यंत न्यायची, साठ मीटर असो की नव्वद, आणि टोकाला तांब्याचा पत्रा बांधून तळाच्या पाण्यात सोडायचा. वाटेत नांगराला लागू नये, गंजू नये, कुणी उपटून नेऊ नये म्हणून सगळी पट्टी प्लास्टिकच्या पाइपातून. शेवटी मेगर लावायचा. मेगर म्हणजे जमीन वीज किती सहज घेते ते ओहममध्ये सांगणारं यंत्र. आकडा जितका लहान तितकं चांगलं. पाचच्या आत आला तरी साहेब खूश असतात. अप्पांचा भर मे महिन्यात दोनच्या आत यायचा. ते गाव गोळा करून आकडा दाखवायचे, विहिरीवर नारळ फुटायचा. मुखेडपासून शिरूर अनंतपाळपर्यंत अशा एकेचाळीस शाळा त्यांनी केल्या. 'विहीरवाले माणिकप्पा' हेच त्यांचं नाव पडलं.

मी आनंदराज. इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतो, आणि उरलेल्या वेळात, वीज पडल्यावर सेकंदाच्या लाखाव्या भागात अर्थिंग कशी वागते याचं कॉम्प्युटरवर मॉडेल करतो. त्यासाठी मातीची खरी मापं हवी होती. कुणीतरी अप्पांचं नाव सांगितलं. पहिल्या भेटीत ते 'शरणु' म्हणाले, मी 'जय भीम' म्हणालो, आणि पुढे दोन उन्हाळे आम्ही गावोगाव सळया ठोकत हिंडलो. माझा जन्म मुखेड तालुक्यातला, पण माती त्यांना कळायची. चप्पल काढून उभे राहायचे आणि म्हणायचे, 'हितं तीन हातावर मुरूम लागतो सर.' लागायचाच.

यंदाच्या मार्चमध्ये मॉडेल पुरं झालं. नमुना म्हणून मी त्यात अप्पांचीच एक शाळा घातली. त्यांच्या उत्तम अर्थिंगचा आलेख काढावा, त्यांना दाखवावा, म्हातारा खूश होईल, एवढाच हेतू. आलेख उलटाच निघाला. पट्टीच्या पायथ्याशी, जिथे ती भिंतीवरून उतरते तिथे, लाखो व्होल्ट उभे राहत होते. विहीर मात्र शांत होती. तिला वीज पोचलेलीच नव्हती.

आणि इथे मी मूर्खासारखा वागलो. शोधनिबंध डोळ्यांसमोर नाचत होता. अप्पांना बोलावून घेतलं आणि म्हणालो, 'अप्पा, हे बघा, लई भारी निघालं.'

त्यांना समजेल असं सांगितलं. समजा, एक पाइप लांब विहिरीत सोडलाय. नळ सोडला तर सगळं पाणी नीट विहिरीत जातं. पण तळं फुटलं तर पाइप किती चांगल्या ठिकाणी नेलाय ते पाणी बघत बसत नाही, दारातच पसरतं. मेगर म्हणजे नळ. वीज म्हणजे तळं. शिवाय पट्टी पाइपात असल्यामुळे वाटेत एक थेंबही मातीत मुरत नाही.

'म्हंजी विहीर?' त्यांनी विचारलं.

'नसल्यात जमा.'

'अन् मेगर खोटं बोलला?'

'खोटं नाही बोलला. त्याला विचारलं तेवढंच त्याने सांगितलं.'

त्या दिवशी अप्पा खुर्चीत बसले. पडद्यावरच्या लाल ठिपक्यावर, पट्टीच्या पायथ्यावर, त्यांनी बोट ठेवलं. मग म्हणाले, 'सर, पट्टी समद्या शाळांत व्हरांड्याच्या कडंलाच उतरतीय. पोरं चपला तिथंच काढतेत.'

 चहा आला तेव्हा ते निघून गेलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको, गुणाबाई, हिचा फोन. 'सर, काय सांगितलंव तुमी ह्यांस्नी? जेवनात ध्यान न्हाई. ताटावरून उठून अंगनात जातेत, ढग बघतेत. ढग तर न्हाईतच अजून.' मी तिला काय सांगणार? अकरा वाजता अप्पा स्वतःच हजर झाले, एकेचाळीस गावांची यादी घेऊन. दुरुस्ती कशी करायची एवढंच त्यांना हवं होतं.

दुरुस्ती मॉडेलनेच दाखवली होती. विहीर राहू द्यायची, पण पायथ्यापासूनच तीन बाजूंना तीन छोटे चर खणायचे, कोंबडीच्या पायासारखे, त्यात उघडी पट्टी पुरायची, प्रत्येकाच्या टोकाला मुरूम फोडून खोल सळई ठोकायची आणि वरून खडी पसरायची. म्हणजे वीज आली की पहिल्या चार पावलांतच तिला मातीत शिरायला जागा. एका शाळेला चांगला एक दिवसाचा खटाटोप. मी म्हणालो, घाई नको. मॉडेल अजून कुणी तपासलेलं नाही. दोन-चार शाळांवर नोंदयंत्रं बसवू, एखादी वीज नोंदली गेली की सगळं पक्कं होईल, मग सरकारला कळवू.

'म्हंजी पडायची वाट बघायची,' अप्पा म्हणाले.

'तसं नाही हो.'

तसंच होतं. मला ते तेव्हाही कळत होतं.

मी आणखी एक अक्कल चालवली: मेमध्ये शाळांना सुटीच असते, मुलं नसतात. अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू विचारत होते, मी मुखेडचा आहे की लंडनचा. मे महिन्यात शाळेच्या अंगणात लग्नं लागतात. दुसरीकडे एवढी सपाट जागा असते कुठे? मांडव तिथेच, पंगत तिथेच, आणि व्हरांड्याचा ओटा आयता उंच म्हणून नवरा-नवरीचं बोहलंही तिथेच, पट्टीला खेटून.

मग ते जे सुटले ते सुटलेच. दोन मजूर, घरातल्या कोठीत पडलेली पट्टी आणि सळया, रोज एक गाव. सुटीच्या दिवशी मीही जायचो, चार शाळांवर माझी नोंदयंत्रंही बसवली. पण एका गोष्टीवरून आमचं रोज वाजायचं. गावकरी विचारायचे, 'अप्पा, कामून खंदून राहिलाव? आधीची बिघडली का?' आणि अप्पा म्हणायचे, 'न्हाई न्हाई. जरा वाढवून देऊन राहिलो.' काम झाल्यावर लोक मेगर लावायला सांगायचे. आधी एक पूर्णांक सात यायचा, आता एक पूर्णांक सहा. एका हेडमास्तरांनी तर हात जोडले. एवढ्यासाठी अंगण उकरलंत का, म्हणाले.

'खरं सांगून टाका ना एकदाचं,' मी मोटारसायकलवर मागे बसून ओरडायचो.

'सर, एकेचाळीस गावांत माणिकप्पा म्हंजी विहीर. ते गेल्यावर मी काय राहिलो, सांगा.'

 माझं बोलणं सोपं होतं, कारण त्या विहिरींवर माझं नाव नव्हतं.

एप्रिल संपता संपता बावीस शाळा झाल्या. आणि मुखेडच्या अलीकडच्या एका शाळेवर, दुरुस्त केलेल्या, दुपारी चार वाजता वीज पडली. छपराचा कोपरा उडाला. व्हरांड्यात तीन म्हातारे बसलेले होते, त्यांच्या कानात रात्रीपर्यंत घूं करत राहिलं, बाकी ओरखडाही नाही. मला आधी आनंद झाला, मग चडफडाट, कारण माझं नोंदयंत्र नेमकं त्या शाळेवर नव्हतं. गावाने काय केलं? विहिरीला हार घातला. म्हाताऱ्यांना विहिरीपाशी उभं करून व्हिडिओ काढला: 'माणिकप्पांच्या विहिरीनं गाव वाचवलं.' दोन दिवसांत तो व्हिडिओ आजूबाजूच्या दोन जिल्ह्यांत फिरला. अप्पांना फोनवर फोन. दुसरे वायरमन विचारायला लागले, पाइप किती इंची घेता, पत्रा केवढा सोडता. नवीन विहिरींत नवीन पट्ट्या जायला लागल्या. अप्पांची चूक आता अप्पांच्या पुढे धावत होती, आणि तिला पाय त्यांनीच दिले होते, गप्प बसून.

ते माझ्याकडे आले तेव्हा फोन हातात घेऊन इकडून तिकडे फिरत होते. वाजला की दचकत होते. 'उचला तरी,' मी म्हणालो. उचलला नाही.

तेविसावं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं. नाव लिहीत नाही; तिथले लोक मला अजून ओळखतात. आम्ही सकाळी नऊला पोचलो तर शाळेच्या अंगणात मांडव उभा. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला अक्षता. बोहलं ओट्यावर, पट्टीपासून दीड हातावर, झेंडूच्या माळा थेट पट्टीलाच बांधलेल्या. सरपंच भागवत चांगला माणूस, आमच्या चहाची व्यवस्था केली, पण खणायचं म्हटल्यावर हसला.

'अप्पा, मांडवात खड्डे? लगीन होऊ द्या, मग काय खंदायचं ते खंदा. तवर आपली विहीर हाय की. मुखेडकडचं बघितलंव न्हाई का आमी?'

'ती विहिरीनं वाचली न्हाई,' अप्पा म्हणाले.

'मग कशानं?'

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं आभाळाकडे, कारण मला भीती वाटत होती. पश्चिमेला आत्तापासूनच पांढरे ढग उभे राहत होते. मांडवात नवरीची आई तारामती भाज्यांच्या पोत्यांपाशी उभी होती, आठ-दहा बायका, चार-पाच पाहुणे. सगळे ऐकत होते.

'विहिरीची अर्थिंग चुकीची हाय,' अप्पा म्हणाले. 'मीच चुकीची बसवलो. हितंच न्हाई, एकेचाळीस गावांत. वीज आली तर विहिरीत जायची न्हाई. हितं बोहल्यावरच फुटायची.'

 मग कुणीतरी म्हणालं, 'मेगर लावा की.'

सगळ्यांना पटलं. अप्पांनीच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं की शब्दावर नाही, आकड्यावर विश्वास ठेवा. मेगर लावला. एक पूर्णांक सात. लोक हसायला लागले. भागवतने अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने. 'तुमचंच मशीन म्हनून राहिलंय, अप्पा. उन्हात लई हिंडून राहिलाव. जेवून जावा.'

मी पुढे झालो, लॅपटॉप उघडला, आलेख दाखवायला लागलो. दोन मिनिटांत माझ्यापुढे फक्त एक पाहुणा उरला, आणि तो क्रिकेटचा स्कोअर लागतो का विचारत होता.

अप्पा मोटारसायकलपाशी गेले. मला वाटलं, निघाले. ते हॅक्सॉ, लोखंड कापायची करवत, घेऊन आले. पट्टी जमिनीत शिरून पाइपात जाते तिथली वीतभर माती त्यांनी हाताने उकरली, गुडघे टेकले, आणि आपण बसवलेली पट्टी कापायला लागले. कुणाच्या लक्षात येईपर्यंत अर्धी कापून झाली होती. भागवत धावला, 'अवो, काय करून राहिलाव!' म्हणत त्यांचा हात धरायला गेला, पण तोवर तुकडा पडला.

'आता लावा मेगर,' अप्पा म्हणाले. 'सर, तुमी लावा.'

मी लावला.  एकशे चौऱ्याऐंशी.

'विजेला हे एवढंच दिसतं,' अप्पा म्हणाले. 'बाकीचं समदं आपल्याला दिसतं.'

भागवतचा चेहरा उतरला, आणि मग लाल झाला. लग्नाच्या आदल्या दिवशी शाळेची चांगली चाललेली अर्थिंग कापणाऱ्या माणसाला काय म्हणायचं असतं ते सगळं तो म्हणाला. पाहुण्यांपैकी एकाने अप्पांची कॉलर धरली. अप्पांनी ती सोडवली नाही. तेव्हा तारामती पुढे आली. पदराला हात पुसत म्हणाली, 'मला त्यो काटा कळत न्हाई. पर आता हितं माझी लेक बसनार न्हाई. बोहलं पलीकडच्या अंगाला घ्या, अन् ह्यांस्नी खंदू द्या.'

कॉलर सुटली. आम्ही खणायला लागलो. मजुरांबरोबर मीही पहार घेतली. दिवस मावळेपर्यंत दोन चर झाले, तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बुजवला. पट्टी जोडली, खडी पसरली, मेगर लावला: एक पूर्णांक सहा. कुणीही बघायला आलं नाही.

लग्न लागलं. तीन वाजता वारा सुटला, मांडव फडफडला, आभाळ काळं झालं, गडगडाट असा की पंगतीतले लोक पत्रावळी उचलून वर्गांत पळाले. अप्पा जेवले नाहीत. गेटजवळ उभे राहून वर बघत होते, जणू प्रत्येक गडगडाटाचा जाब त्यांनाच द्यायचा होता. तासाभरात सगळं ओसरलं. वीज कुठेच पडली नाही. भागवत निरोप द्यायला आला आणि एवढंच म्हणाला, 'कुठं पडली मग?'

ती गोष्ट त्या हार घातलेल्या विहिरीच्या व्हिडिओपेक्षा वेगाने पसरली. 'लग्नाच्या मांडवात पट्टी कापली.' अप्पांचे फोन बंद झाले. अर्थिंगचं नवं काम गेलं दुसऱ्यांकडे. उरलेल्या गावांत अप्पा आता आधी खरं सांगायचे, कुणी ऐकलं नाही तर हॅक्सॉ काढायचे. दोन गावांनी आम्हाला हाकलून दिलं, तिथे ते चार दिवसांनी परत गेले. एका ठिकाणी हेडमास्तरांनी तक्रार केली, तेव्हा अप्पांनी आपली चूक कागदावर लिहून सही करून दिली. गुणाबाई फोनवर रडली, मग म्हणाली, 'पर सर, भाकर खाऊन राहिलेत आता.'

परवा, जूनमध्ये, ते माझ्याकडे आले होते. अडतीस शाळा झाल्या, तीन राहिल्या. खुर्चीला हात लावून उभेच. मी नोंदयंत्रांचे आकडे तपासत होतो. सगळी रिकामी. अख्ख्या उन्हाळ्यात आमच्या यंत्रांवर एकही वीज पडली नव्हती. मी वैतागून म्हणालो, 'एक पडली असती ना अप्पा, फक्त एक, तर मी सगळ्यांना सिद्ध करून दाखवलं असतं. तुमचं नाव परत आलं असतं.'

ते खिडकीपाशी होते. पाठ माझ्याकडे.

'न्हाई पडली ते बरं झालं की, सर,' ते म्हणाले. 'जल्मभर न पडू दे. मी खोटाच राहतो.'

मार्चपासून मी एका विजेची वाट बघत होतो. मला लाज वाटली. चहा संपवून ते निघाले. पश्चिमेला ढग येत होते आणि तीन शाळा राहिल्या होत्या.